पाव कोण फुगवतो?

ज्यूंच्या मिद्राश वाङ्मयात रब्बी अकिवा आणि ज्यूदियाचा रोमन सुभेदार टिनियस रुफस यांच्यातला एक वाद आला आहे. सुभेदार विचारतो, करणी कोणाची सरस, देवाची की माणसाची? रब्बी देवाचं नाव घेईल असं कोणालाही वाटेल. अकिवा मात्र म्हणतात, माणसाची. आणि पुराव्यादाखल गव्हाच्या ओंब्या आणि भाजलेले पाव शेजारी शेजारी मांडतात. ओंब्या देवाच्या, पाव माणसाचे. उत्तर बिनतोड वाटतं, पण त्याच परंपरेतल्या रोजच्या एका प्रार्थनेशी ते जुळत नाही. जेवणाआधी ज्यू कुटुंबं देवाचे आभार मानतात ते त्याने जमिनीतून ब्रेड काढला म्हणून. जमिनीतून येतो तो गहू, तरी आभार ब्रेडचे. अकिवांच्या हिशेबात पाव सगळाच्या सगळा माणसाच्या खात्यावर आहे, प्रार्थनेत सगळाच्या सगळा देवाच्या. मला दोन्ही हिशेब अपुरे वाटतात. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. घरी पाव करणाऱ्याला ही यादी आपल्या ओट्यावर पडताळून पाहता येते, आणि ती खरी ठरते असं माझं म्हणणं आहे.

साहित्य चारच गोष्टींचं: 500 ग्रॅम मैदा, 325 ते 350 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पिठाला पाणी लागलं की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांना धरू लागतात आणि ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार होते. मळण्याने हे लवकर होतं, पण मळलं नाही तरी होतंच. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची 2006 साली गाजलेली कृती याच आधारावर उभी आहे: पीठ नुसतं कालवायचं आणि 12 ते 18 तास झाकून ठेवायचं. त्या तासांत पिठातलीच विकरं स्टार्चची साखर करतात, यीस्ट ती खातं, वायू सुटतो, जाळी तो धरून ठेवते, मीठ या सगळ्याला आवर घालतं. या काळात करणाऱ्याच्या हाताला काम असतं ते बोट लावून पाहण्याचं. पीठ लावलेलं बोट गोळ्यात अर्धा इंच दाबावं. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हन तापलेला हवा, भरलाच नाही तर उशीर झाला. हे बोट काही घडवत नाही, ते विचारतं. आणि पाव करण्यातलं बरंचसं कौशल्य या विचारण्यात आहे.

आता ती पाच कारणं पाहा. कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे वजनकाटा, भांडी, ओव्हन, चेष्टा म्हणजे कालवणं, घडी घालणं, आकार देणं. अधिष्ठान म्हणजे जिथे हे घडतं ती जागा, आणि तिचा वाटा थोडका नाही. थंड देशातल्या पुस्तकात दोन तास लिहिलेले असतात, तेच पीठ मुंबईत मे महिन्यात तासाभरात भांड्याच्या काठाला येतं. उरतं दैव, म्हणजे जे आपण आणलेलं नाही आणि ज्याच्यावाचून चालतही नाही ते. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाची सूर घालून पीठ आंबवत. सुरेतलं यीस्ट कोणी घातलेलं नसतं, रस उतरला की ते आपोआप त्यात येतं. यावर जाणकार हरकत घेतील की शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता, आणि सगळा रोख आत्मा अकर्ता आहे हे दाखवण्याकडे आहे. ही हरकत रास्त आहे. मी यादी शरीराबाहेर नेतो आहे ते जाणूनबुजून. शरीराच्या आत कर्तेपण जर इतक्या वाट्यांत विभागलेलं असेल, तर त्या शरीराने ओट्यावर केलेल्या कामात ते अखंड कसं असेल?

कोणी म्हणेल, मग पोळीचंही तेच नाही का? तत्त्वतः आहेच. पण पोळीत हात आणि तवा सतत मध्ये असतात, म्हणून हाताचा वाटा मोठा वाटतो; पावात मधले कित्येक तास हात लावणंच चुकीचं असतं. त्याहून अवघड आक्षेप कारखान्यातून येतो. इंग्लंडमध्ये 1961 साली पुढे आलेल्या चोर्लीवुड पद्धतीत यंत्र काही मिनिटं प्रचंड वेगाने पीठ घुसळतं आणि आंबवण्याचे तास जवळजवळ गाळून टाकतं. म्हणजे ते थांबणं ही निव्वळ तांत्रिक उणीव होती का? मला तसं वाटत नाही. त्या पद्धतीने करण आणि चेष्टा यांचा वाटा फार वाढवला, यीस्टही जास्त घातलं. तरी वायू सोडण्याचं काम यीस्टकडेच राहिलं.

पण यीस्टला तरी श्रेय का द्यावं? रसायनशास्त्रज्ञ लीबिग आंबण्याला निव्वळ रासायनिक विघटन मानत. पाश्चरने 1857 पासूनच्या संशोधनातून ते सजीवांचं काम आहे असं दाखवलं. पुढे 1897 मध्ये एडुआर्ड बुख्नरने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केलं, आणि त्याला 1907 चं नोबेल मिळालं. करणारा शोधावा तर तो माणसाकडून पेशीकडे आणि पेशीकडून विकराकडे सरकत जातो. यावरून कर्ताच नाही असा निष्कर्ष काढणं मला घाईचं वाटतं. विकराला पाव करायचा नसतो. साखर फुटते ती पाव व्हावा म्हणून फुटत नाही. तो हेतू माणसाचा, आणि म्हणूनच कर्त्याची जागा यादीत राहते.

सगळ्यात गंभीर आक्षेप नीतीचा आहे: कर्तेपण वाटून टाकलं की जबाबदारीही वाटली जाते, आणि गिच्च पाव दैवावर ढकलायला माणूस मोकळा होतो. हा धोका खरा आहे. म्हणून पाचवं कारण शेवटीच घ्यावं, आधीची चार तपासून झाल्यावर. पाणी कढत घेऊन यीस्ट मारलं का, मीठ विसरलं का, मैद्याऐवजी चक्कीची कणीक घेऊनही पाणी तेवढंच ठेवलं का, पाव गरम असतानाच कापला का, याची उत्तरं आपल्याकडेच असतात. स्वतःला एकमेव कर्ता समजणारा हे प्रश्न विचारतच नाही. पुस्तकातलं माप पाळलं, आता पाव आलाच पाहिजे, अशी त्याची मागणी असते. न आल्यास तो पुस्तकावर किंवा स्वतःवर चिडतो, आणि दोन्ही वेळा हवेकडे बघायचं राहून जातं. आपला वाटा किती हे ज्याला कळलं आहे तो खोलीचं तापमान वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फ्रीजमधलं पाणी घ्यायचं आणि यीस्ट निम्मं करायचं हे ठरवणं त्याच्या हातात आहे, त्या दिवशी पारा कुठे जाईल हे नाही.