उसना हात

दोन तरुण होते. दोघंही सहा फूट पाच इंच उंच, दोघंही क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते, तो हा गडी. एक पेटन मॅनिंग, टेनेसी विद्यापीठाचा. वडील आर्ची मॅनिंगही याच खेळातले नावाजलेले क्वार्टरबॅक. दुसरा मोंटानातल्या ग्रेट फॉल्सचा रायन लीफ; वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला तब्बल ६७ वर्षांनी रोझ बोलच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या सामन्यापर्यंत घेऊन गेलेला.

१९९८ च्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडणार होते. पहिली निवड इंडियानापोलिस कोल्ट्सची होती. दुसरी सॅन डिएगो चार्जर्सची, आणि तीसुद्धा विकत घेतलेली. त्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली होती, वर आपले खेळाडूही. दोघांपैकी कुणीही पदरात पडला तरी भाग्य उजळणार, असा हिशेब.

पारख करणाऱ्यांमध्ये मात्र दोन तट पडले होते. एक तट म्हणे, लीफचा हात बघा. चेंडू असा सुटतो की जणू गोफणीतला दगड! दुसरा तट म्हणे, मॅनिंगचं डोकं बघा. समोरचा बचाव तो पुस्तकासारखा वाचतो. यात पहिल्या तटाची बाजू सोपी होती. मनगटाची रग डोळ्यांना दिसते, घड्याळात मोजता येते. डोक्यात काय चाललंय ते कोण कशाने मोजणार?

कोल्ट्सचे कारभारी बिल पोलियन यांनी मॅनिंगला भेटीला बोलावलं. तो वही घेऊन आला आणि एकामागून एक प्रश्न विचारत सुटला. वेळ संपली, पोरगा गेला, तेव्हा मंडळींच्या ध्यानात आलं की मुलाखत त्याची नाही, आपली झाली. कोल्ट्सनी मॅनिंग घेतला. चार्जर्सना लीफ मिळाला.

पहिल्या वर्षी दोघंही तोंडावर आपटले. मॅनिंगचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या नावावर एवढी इंटरसेप्शन्स आधी कधी लागली नव्हती. संघाने ३ सामने जिंकले, १३ हरले. लीफने पहिले दोन सामने जिंकले खरे, पण तिसऱ्यात, कॅन्सस सिटीच्या मैदानावर, त्याच्या १५ पासांपैकी एकच आपल्या माणसाच्या हाती पडला. पासांनी संघ पुढे सरकला तो अवघा ४ यार्ड. वर्षअखेरीस त्याची २ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, आणि १५ इंटरसेप्शन्स झाली.

पडले दोघंही, पण उठण्यात फरक होता. मॅनिंगने त्या २८ चुका जणू लोणच्यासारख्या मुरू दिल्या; दुसऱ्याच वर्षी कोल्ट्सचा हिशेब उलटा झाला, १३ विजय आणि ३ पराभव. लीफचा खांदा दुखावला, पत्रकारांशी आणि सहकाऱ्यांशी खटके उडाले, आणि थोड्याच वर्षांत तो खेळाबाहेर गेला. मागे राहिली १४ टचडाउन आणि ३६ इंटरसेप्शन्स.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथेच संपली असती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं असतं, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. पण मागच्या बाकावरचं एखादं चौकस पोर हात वर करून विचारील, "गुरुजी, मॅनिंगचा हातही धडधाकटच होता ना? मग तो डोक्यानेच जिंकला कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळायला १५ वर्षं जावी लागली.

२०११ पर्यंत मॅनिंगची मान पार बिघडली होती. दोन वर्षांच्या आत मानेवर चार शस्त्रक्रिया झाल्या. मानेतून हाताकडे जाणारी नस दुबळी झाली आणि उजव्या हातातली ताकद ओसरली. त्याच सुमारास तो डेन्व्हरला कॉलेजातला जुना सहकारी टॉड हेल्टन याच्याकडे गेला. हेल्टन आता बेसबॉलचा मोठा खेळाडू होता. त्याच्या संघाच्या स्टेडियममध्ये, कुणी बघणार नाही अशा बंदिस्त जागी, मॅनिंगने त्याच्याकडे चेंडू फेकला. चेंडू थोडासा गेला आणि नाक खुपसून जमिनीवर पडला. हेल्टनला वाटलं, गडी चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती.

मॅनिंग ते सबंध वर्ष खेळला नाही. २०१२ च्या मार्चमध्ये कोल्ट्सनी त्याला मोकळं केलं. कॉलेजातले त्याचे जुने प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ तेव्हा ड्यूक विद्यापीठात होते. त्यांच्यापाशी जाऊन तो चेंडू फेकायला पुन्हा पहिल्यापासून शिकला. हात थोडाफार परत आला, पण पूर्वीचा हात काही परत आला नाही. त्या उसन्या हातानिशी तो डेन्व्हर ब्रॉन्कोसमध्ये दाखल झाला.

आता इथे थोडं गणित आहे. क्वार्टरबॅकला मिळतात जेमतेम तीन सेकंद. हात दमदार असेल तर चेंडू वेगाने जातो, म्हणजे उडण्यातला वेळ वाचतो. पण बचावाची मांडणी पाहूनच कोण मोकळा सुटणार हे ज्याने ओळखलं, तो चेंडू आधी सोडतो, म्हणजे निघण्यातला वेळ वाचतो. झेलणारा अजून वळलेलाही नसतो आणि चेंडू वाटेला लागलेला असतो. समोरच्या बचावपटूला तर एवढंच कळतं की आपण उशिरा पोचलो. वाचलेला वेळ मनगटाने कमावला की मेंदूने, हे त्याला कुठून कळणार?

२०१३ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात ३७ वर्षांच्या मॅनिंगने बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध सात टचडाउन पास फेकले. हंगाम संपला तेव्हा ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड त्याच्या नावावर होते. दोन्ही विक्रम; यार्डांचा तर आधीच्या विक्रमापेक्षा फक्त एका यार्डाने सरस. हात उणा झालेल्या माणसाचं हे आयुष्यातलं सर्वांत मोठं वर्ष! मागच्या बाकावरच्या पोराला उत्तर मिळालं.

पण गोष्ट एवढ्यावरही थांबत नाही, आणि इथे ती शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडते. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, सिअॅटल सीहॉक्सनी डेन्व्हरला ४३-८ असं लोळवलं. पहिल्याच चालीत चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि सिअॅटलला फुकटचे गुण मिळाले. वेगवान, आडदांड बचावापुढे नुसती हुशारीही तोकडी पडते, हे त्या रात्री साऱ्या जगाने पाहिलं.

२०१५ च्या हंगामात हात आणखी थकला. ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन्स. नोव्हेंबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्यात तर चार इंटरसेप्शन्स झाल्यावर त्याला बाहेर बसवलं गेलं. पुढे अनेक आठवडे तो मैदानाबाहेरच होता. परतला तो जानेवारीत, साखळीतल्या शेवटच्या सामन्यात, उत्तरार्धात बदली म्हणून. समोर कोण? लीफला निवडणारे तेच सॅन डिएगो चार्जर्स. डेन्व्हर जिंकलं.

महिनाभराने, ७ फेब्रुवारी २०१६ ला, पन्नासावा सुपर बोल झाला. मॅनिंगने त्या दिवशी जेमतेम १४१ यार्ड कमावले. लांबचे धाडसी पास जवळपास नव्हतेच. चाली साध्या होत्या, आणि बाकीचं काम डेन्व्हरचा बचावपटू व्हॉन मिलर आणि त्याच्या बचावफळीवर सोपवलेलं. डेन्व्हरने कॅरोलिना पँथर्सना २४-१० हरवलं. पुढच्याच महिन्यात मॅनिंगने निवृत्ती घेतली.

५५ टचडाउनांच्या वर्षी त्याच्या डोक्याने हाताची उणीव भरून काढली. शेवटच्या वर्षी तेही जमेना, तेव्हा त्याच डोक्याने आपल्या हाताची मर्यादा ओळखली आणि दुसऱ्यांच्या बळाला वाट करून दिली. ही दुसरी समज पहिलीपेक्षा अवघड. तिच्यात टाळ्या मिळत नाहीत.

तात्पर्य : हात सगळ्यांनाच उसना मिळालेला असतो, ज्याचा असतो तो कधी ना कधी परत मागायला येतोच. म्हणून माणूस पारखताना त्याचा चेंडू किती लांब जातो हे जरूर पाहावं, पण तेवढ्यावर थांबू नये. चेंडू नाक खुपसून जमिनीवर पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी हा काय करील, हेही विचारावं.