पात्यावरचा ॐ

खंडेनवमी-दसऱ्याला वसईच्या सातिवलीतल्या औद्योगिक गाळ्यांत लेथ थांबतात. मशीन पुसून लख्ख होते, चकवर झेंडूची माळ चढते, हेडस्टॉकवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, नारळ फुटतो. पुन्हा काम सुरू झाले की कूलंटच्या पहिल्याच फवाऱ्यात ते स्वस्तिक वाहून जाते, आणि कोणाला त्याची हळहळ वाटत नाही.

सुरीच्या पात्यावर कोरलेला ॐ मात्र असा वाहून जात नाही. हल्ली हौसेने घेतलेल्या सुऱ्या-कट्यारींवर ॐ, त्रिशूळ, राजमुद्रा, क्रूस असे काहीही कोरून मिळते. एकदा पाणी दिलेले पोलाद कोरणे तसे सोपे नव्हे. चांगल्या सुरीचा कठीणपणा रॉकवेल मापावर साठीच्या आसपास असतो. साधी कानस त्यावरून नुसती घसरते. म्हणून जुने कारागीर आधी नक्षी कोरत आणि मग पाणी देत, किंवा पात्याला मेणासारखा लेप लावून, त्यावर सुईने रेघा ओढून आम्लाला ते काम करू देत. आता कार्बाइडची कोरणी आहे, मीठपाणी आणि विजेने खोदायची युक्ती आहे, आणि फायबर लेझर तर काही सेकंदांतच काम उरकतो. त्यात दोन धोके: खाच फार खोल गेली तर तिथूनच तडा जाऊ शकतो आणि लेझरने तापलेल्या जागी स्टेनलेसलाही गंज धरतो.

तंत्राचा प्रश्न सुटला तरी पेच उरतोच. त्या सुरीने कांदा चिरायचा, बोंबील साफ करायचे, कधी मटण कापायचे. मग ॐमुळे सुरी पवित्र झाली, की सुरीमुळे ॐ बाटला?

मूर्तिपूजेने यावर फार शहाणी सोय करून ठेवली आहे. पार्थिव गणपतीत देवाला बोलावले जाते ते प्राणप्रतिष्ठेने, आणि उत्तरपूजेने त्याला निरोप दिला जातो; त्यानंतर पाण्यात जाते ती माती. आवाहन आहे तसे विसर्जनही आहे. मशीनवरचे कुंकू याच जातीचे: वर्षातून एकदा येते आणि जाते. पोलादात कोरलेल्या चिन्हाला उत्तरपूजा नाही. सुरी मोडली की ती भंगारात जाते, आणि वजनकाट्यावर ॐसकट तोलली जाते. चिन्ह कायमचे करण्याच्या हट्टात देवाला परत जायची वाटच ठेवलेली नाही, हा खरा आक्षेप. विटाळाचा मुद्दा त्यापुढे किरकोळ आहे.

शिवाय कोरलेली खूण कोणाशीही इमान राखत नाही. जर्मनीतल्या पासाऊच्या पात्यांवर लांडगा असे. तो अंगाला जखम होऊ देत नाही अशी समजूत पसरली, आणि मग झोलिंगेनच्या कारागिरांनीही आपल्या पात्यांवर तोच लांडगा कोरायला सुरुवात केली! श्रद्धेला बाजारभाव आला की नक्कल यायचीच.

वसईला खुणेच्या या बेइमानीचा दाखला शोधायला लांब जायला नको. 1739मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच, 1721ची. वाईजवळ मेणवलीच्या शिवाच्या देवळाबाहेरच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. कोणी ती घासून काढली नाही. घंटा शिवाची झाली ती देवळात वाजत राहिल्यामुळे. ओतीव आकृती जशी होती तशीच राहिली.

तलवारींचेही तेच. मराठ्यांना युरोपीय पाती आवडत. त्यांना इथल्या मुठी बसत आणि नाव पडे फिरंग. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून 1875-76च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली, शिवरायांची म्हणून सांगितली जाणारी तलवार अशीच आहे. मुठीवर हिरे-माणके, आणि पात्यावर तीनदा उमटवलेली ‘आयएचएस’ ही अक्षरे, म्हणजे येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन. जगदंबा नावाची ही तलवार परत आणा, अशी मागणी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा होते. आधी ती अक्षरे खोडा आणि मग आणा, असे कोणी म्हटल्याचे मात्र ऐकिवात नाही.