अंगठे सैल सोडा

कार्तिकातल्या सकाळी उमरखेडच्या आसपास सोयाबीन निघालेली वावरं मोकळी पडलेली असतात. जमीन तापलेली नसते, म्हणून वारा निवांत असतो. ऊन चढलं की याच रिकाम्या वावरांतून गरम हवा उसळायला लागते. छंदाचा लहान ड्रोन पहिल्यांदा उडवायला याहून चांगली वेळ नाही. तरी तो खोक्यातच राहतो. घरच्यांनी कापूस विकून घेऊन दिलेला असतो, आणि आजीचा एकच प्रश्न असतो, "पडला तं?"

प्रश्न रास्त आहे. 'काही होत नाही' हे त्याचं उत्तर नव्हे, कारण कधीतरी पडेलच. पण तो कशाने पडतो हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि मला वाटतं, नवशिक्याच्या भीतीवर खरा उपाय हाच आहे.

मंगळावर गेलेलं इंजेन्युइटी हे चिमुकलं हेलिकॉप्टर घ्या. वजन दोन किलोच्या आत, म्हणजे एक ड्रोनच. 19 एप्रिल 2021 रोजी ते पहिल्यांदा उडालं. पाच उड्डाणांसाठी बनवलं होतं, केली 72. जानेवारी 2024 मध्ये उतरताना त्याची पाती मोडली. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की खाली नुसती वाळू होती. कॅमेऱ्याला धरायला खूण नव्हती, त्यामुळे आपण किती वेगाने सरकतोय हे यंत्राला नीट कळेना. पैनगंगेच्या वाहत्या पाण्यावरून कमी उंचीवर नेलेला आपला ड्रोनही अशाच कारणाने भरकटू शकतो. म्हणून सुरुवातीला नदीवर न्यायचाच नाही. नदीकाठच्या अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय अजिबात नाही.

इंजेन्युइटीच्या सौरपट्टीखाली राइट बंधूंच्या विमानाच्या कापडाचा एक लहानसा तुकडा लावलेला होता. ते विमानही आधी पडलेलंच. 14 डिसेंबर 1903 रोजी विल्बरने उड्डाण घेतलं, नाक नको तितकं वर उचललं, आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूत आदळलं. दुरुस्ती करून 17 तारखेला ते उडालं. 14 तारखेला यंत्रात खोट नव्हती. हाताने गरजेपेक्षा जास्त केलं होतं.

नवशिक्याचं नेमकं हेच होतं. ड्रोन आपल्यापासून दूर जाताना सगळं सरळ असतं. तो वळून आपल्याकडे तोंड करतो आणि डावं-उजवं उलटं होतं. कडुनिंबापासून लांब न्यायला दांडी उजवीकडे ढकलावी, तर तो फांदीकडेच सरकतो. जीव घाबरतो, अंगठा आणखी जोरात दाबला जातो, आणि यंत्र फांदीत. अशा वेळी दोन्ही अंगठे सैल सोडायचे. रिमोटच्या दांड्या आपल्या आपण मध्यावर येतात, आणि जीपीएसवर चालणारा ड्रोन थोडं अंतर घेऊन हवेतच थांबतो. श्वास घ्यायचा, त्याचं तोंड कुठे आहे ते पाहायचं, मग हळूच दांडी हलवायची. मन 'काहीतरी कर' म्हणून ओरडत असताना हात सोडणं फार अवघड आहे. म्हणून ते मोकळ्या वावरात, डोक्याच्या थोडं वर, काही बिघडलेलं नसतानाच पुन्हापुन्हा करून पाहावं. पुढे गरज पडेल तेव्हा अंगठे आपोआप सुटतात.

बाकीचं थोडक्यात. उपग्रह मिळून निघण्याची जागा नोंदली गेल्याशिवाय उडवू नये. हरवण्याची निम्मी भीती तिथेच जाते. आपोआप परतण्याची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडाहून आणि टॉवरहून जास्त ठेवावी. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. 2021 च्या नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला परवाना लागत नाही. सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत मुभा आहे. पण पहिल्या महिन्यात चाळीस फूट पुष्कळ झाले.

आणि पडलाच, तर आधी मोटारी बंद, मग जवळ जायचं. उभ्या पऱ्हाटीत गेला असेल तर फोनच्या नकाशावर त्याची शेवटची जागा असते. तिथून पऱ्हाटीची एकेक ओळ धरून शोधत जावं. सापडला की पाती नखाने चाचपावी. काठाला बारीकशी खाच लागली, तरी ती पाती बदलायची, कारण तिच्या थरथरीने पुढचं उड्डाण बिघडतं. मोटारीच्या दांड्याला गवताची काडी गुंडाळलेली असते, ती काढायची. बोटाने फिरवल्यावर मोटार खरखरत नसेल, तर बहुधा एवढ्यावरच भागतं.

उद्या आजीलाही सोबत न्यावं, धुऱ्यावर जरा लांब बसवावं. ड्रोन डोक्याच्या वर घ्यावा आणि तिच्या देखत अंगठे सोडावेत. जादा पात्या मात्र खिशात असू द्याव्यात.