पालुपद आणि चरण

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15



आजच्या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं असं असावं की त्याने कुणाच्या मनाला टोचणी लागू नये. ते खरं असावं, ऐकायला गोड असावं आणि ऐकणाऱ्याच्या हिताचंही असावं. एवढ्यावर श्लोक संपत नाही. पुढे स्वाध्यायाचा अभ्यास येतो, म्हणजे तेच ते पवित्र वचन रोज म्हणत राहणं. ज्ञानोबा तर यावर लिहिताना म्हणतात की कुणाच्या वाचेवर एखादंच नाव, शिवाचं असो की विष्णूचं, कायमचं वस्तीला आलं, तरी तेही वाणीचं तपच समजावं.

इथे मी अडले. एकच शब्द सारखा म्हणणं हे तप असेल, तर एकच शब्द सारखा म्हणणाऱ्या माणसांचा आपल्याला इतका वैताग का येतो?

वैताग येतो हे खरंच आहे. कुणी दर वाक्याला ‘ॲक्च्युअली’ लावतं, कुणी ‘बेसिकली’. तरुण मुलांचा प्रत्येक ‘विषय हार्ड’ असतो. एखादे काका अर्धा तास ‘मी काय म्हणतो’ म्हणतात आणि ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत कळत नाही. दापोडीच्या चौकात उभं राहा, डाव्या फ्लेक्सवर ‘हार्दिक शुभेच्छा’, उजव्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दोन्हीकडे सारखीच अक्षरं, सारखीच फुलं. रस्ता खोदलेला असतो आणि काम मात्र ‘युद्धपातळीवर’ चाललेलं असतं. हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत लेक सुपिरियर स्टेट नावाचं एक विद्यापीठ आहे. ते 1976 पासून दर वर्षी वापरून वापरून नकोशा झालेल्या शब्दांची यादी काढतं, की बाबांनो, हे आता बोलणं बंद करा. शब्द काही बंद होत नाहीत, पुढच्या वर्षी नवी यादी निघते.

आपल्या मराठीत अशा शब्दाला छान नाव आहे, पालुपद. ‘त्याचं आपलं एकच पालुपद’ असं आपण वैतागून म्हणतो. पण पालुपद म्हणजे मुळात ध्रुवपद. गाथ्यात ज्या ओळीपुढे ‘ध्रु’ छापलेलं असतं, ती ओळ. कीर्तनात बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी परत त्या ओळीवर येतात. दुसरा चरण, परत तीच ओळ. दहा वेळा ऐकली तरी कुणी उठून जात नाही, उलट दहाव्या वेळी डोळ्यांत पाणी येतं. कारण मधल्या प्रत्येक चरणाने त्या ओळीत काहीतरी भर घातलेली असते. ओळ तीच, पण आपण ती आता जास्त कळून म्हणत असतो.

चरण गाळून नुसतं ध्रुवपदच दहा वेळा म्हटलं तर? मग ते कानाला टोचेल. मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शब्द वापरल्याने झिजत नाही. दोन वापरांच्या मध्ये चरण नसला की झिजतो.

वारीत बघा. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने आपल्या दापोडीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवशी ‘माउली’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो त्याला गणती नाही. माउली, पाणी घ्या. माउली, जरा सरका. माउली, पाय दाबून देऊ का? कुणालाच तो शब्द जुना वाटत नाही, कारण दोन ‘माउलीं’च्या मध्ये एक वाकलेली पाठ आहे, एक पाण्याचा पेला आहे. तोच शब्द एरवी कुणी मागून हॉर्न दाबत फेकला की अंगावर येतो.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींचं सांगते. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आणि प्रत्येक जण उठताना एकच वाक्य म्हणायचा, ‘काही लागलं तर सांगा हं.’ एकदा तांदूळ धुता धुता वहिनी मला म्हणाल्या, ‘ताई, हे वाक्य ऐकलं ना, की दार लावून घ्यावंसं वाटतं. काय लागतं ते दिसत नाही का यांना?’

त्या चिडल्या यात नवल नव्हतं. त्या वाक्यात वाईट काहीच नाही, पण ते सगळं ओझं ऐकणाऱ्यावर टाकून मोकळं होतं. गरज ओळखायची त्यांनी, शब्द शोधायचे त्यांनी, संकोच गिळायचा त्यांनी, आणि सांगितलं नाही तर दोषही त्यांचाच. सरकारी पत्रातलं ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ याच जातीचं. त्यात कर्ताच नाही. कोण करतंय, कधी करतंय, कुणाला विचारायचं, सगळं त्या ‘करण्यात येत आहे’मध्ये बुडून जातं. अशा शब्दांचा आपल्याला राग येतो तो भाषेच्या प्रेमापोटी कमी आणि त्यांच्यामागे माणूस सापडत नाही म्हणून जास्त.

पण गंमत पुढे आहे. कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे एक रिक्षावाले दादा त्यांना फिजिओथेरपीला न्यायचे. दोन मजले उतरवताना खांदा द्यायचे, परत आणून पलंगावर बसवायचे आणि जाताना म्हणायचे, ‘वहिनी, काही लागलं तर सांगा.’ अक्षर न अक्षर तेच वाक्य. ते ऐकून वहिनींना दार लावावंसं वाटलं नाही. त्या म्हणायच्या, ‘सांगते हो दादा.’ आणि खरोखर सांगायच्या.

इथवर बोलणाऱ्याचं झालं. पण श्लोक ऐकणाऱ्यालाही सोडत नाही असं मला वाटतं. समोरच्याच्या पालुपदाने माझ्या मनात जो उद्वेग उठतो, त्यात माझा वाटा किती?

वहिनींच्या यजमानांना आधीपासून ‘बरं का’ म्हणायची सवय. ‘बरं का, आज गाडी लेट होती, बरं का.’ वहिनी वैतागायच्या, मुलं नक्कल करायची. झटक्यानंतर सगळी भाषा गेली आणि राहिलं फक्त ‘बरं का’. डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक असते. वाचा गेली तरी मोजणी, नमस्कार, प्रार्थना, तोंडात बसलेले शब्द पुष्कळदा मागे राहतात. 1861 साली पॅरिसजवळच्या रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण पाहिला. त्याला समजायचं बरंच, पण तोंडातून निघायचं फक्त ‘तान’. त्याच्यावरूनच मेंदूतल्या बोलण्याच्या जागेचा शोध पुढे सरकला.

आता वहिनींना त्या एका ‘बरं का’मधून भूक कळते, कूस बदलायची आहे ते कळतं, नातवाला जवळ आणा हेही कळतं. पूर्वी जो शब्द कानावरून निसटून जायचा, त्यासाठी आता त्या हातातलं काम टाकून वळतात. बोलणाऱ्याला चरण म्हणता येत नाही, म्हणून ऐकणारीने ते भरले आहेत.

उर्दूत अशा सवयीच्या शब्दाला तकियाकलाम म्हणतात. तकिया म्हणजे उशी, टेकण. बोलता बोलता माणूस दमतो, अडखळतो, काय सांगावं सुचत नाही, मग एका शब्दावर क्षणभर टेकतो. हे कळलं की ‘मी काय म्हणतो’ म्हणणाऱ्या काकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. कदाचित त्यांना घरात कुणी वाक्य पुरं करू देत नसेल.

म्हणून सगळंच खपवून घ्यावं असं मात्र नाही. टेकायची उशी वेगळी आणि तोंड लपवायची उशी वेगळी. अडखळणाऱ्याचं पालुपद ऐकून घ्यावं, आणि जबाबदारी टाळणाऱ्याच्या पालुपदाला ‘कोण करणार? कधी करणार?’ हे शांतपणे विचारावं. श्लोकात प्रिय आहे तसं सत्य आणि हितही आहेच. ज्ञानोबांनी दाखला दिलाय की पाणी जातं झाडाला, पण जाता जाता गवतही जगतं. एकाला विचारलेला सरळ प्रश्न असाच दहा जणांच्या उपयोगी पडतो.

आणि नामाचं? नामाची गोष्टही याहून निराळी नसावी. सकाळी ‘राम कृष्ण हरी’ म्हटलं आणि संध्याकाळी परत म्हटलं. मधला दिवस हा चरण. त्या दिवसात कुणाचा जिना उतरवला, कुणाचं बोलणं पुरं ऐकलं, त्यावर संध्याकाळचं नाम सकाळपेक्षा भरलेलं की रिकामं ते ठरतं.

आजचा संकल्प : आज ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायची वेळ आली, तर आधी एक काम विचारून घेऊ. ‘दूध मी आणू की औषध?’ मग ते वाक्य खुशाल म्हणू.

प्रार्थना : पांडुरंगा, आमच्या तोंडात तेच ते शब्द राहणार, तेवढेच आम्हाला येतात. दोन शब्दांच्या मधली जागा तेवढी रिकामी राहू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.