मागे कोण फिरणार?

“मला त्रास झाला तर तू थांबायचं नाहीस. आत्ताच कबूल कर,” ती म्हणाली. सिल्वासात दमणगंगेच्या काठाने आम्ही चालत होतो. डोक्यात एव्हरेस्ट बेस कॅम्प. इथे पाय तयार होतात, पण विरळ हवेचा सराव कुठून होणार? बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, एका श्वासात इथल्याच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो.

“कबूल नाही. सोबत निघालो, सोबत उतरू.”

“तुझ्या याच हट्टाने माझा जीव धोक्यात येईल. समज, वाटेतल्या दिंगबोचे गावी रात्री डोकं ठणकायला लागलं. बोलले तर तुझी रजा, साठवलेले पैसे, काला पत्थरवरून एव्हरेस्ट बघायचं स्वप्न, सगळं पाण्यात. मग मी गोळी घेऊन गप्प बसेन आणि सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणत चढेन.”

घात होतो तो नेमका असाच. त्रास अंगावर काढत वर जात राहिलं की मेंदूला सूज येते, नाहीतर फुप्फुसात पाणी साचतं. मग तातडीने खाली उतरवण्याला पर्याय नसतो.

तरी मी हटले नाही. “२००६ साली डेव्हिड शार्प एव्हरेस्टवर मरणाच्या दारात होता आणि कितीतरी जण त्याच्या बाजूने वर गेले. काही दिवसांनी डॅन मॅझुरच्या तुकडीने हाताशी आलेलं शिखर सोडून तिथेच अडकलेल्या लिंकन हॉलला वाचवलं. तो त्यांचा कोणी लागत नव्हता गं.”

“तो समोर दिसत होता. माझी डोकेदुखी तुला दिसणार आहे का? मी सांगेन तेव्हाच कळणार.”

“म्हणून स्वर्गाच्या वाटेवरच्या युधिष्ठिरासारखी मागे न बघता जाऊ?”

“त्याचं मला वेगळंच खटकतं. एकेक जण पडतो, भीम विचारतो आणि हा प्रत्येकाचा दोष सांगतो. डोंगरातही लोक लगेच म्हणतात, सराव केला नसेल. रोज पळणाऱ्यालाही विरळ हवा बाधते. दोष काढला की माणूस आणखी लपवतो.”

“पण कुत्र्याला सोडून तो स्वर्गात गेला नाही.”

“कुत्र्याने त्याला ‘तू हो पुढे’ म्हटलं नव्हतं.”

“तुझं तरी ‘हो पुढे’ किती खरं मानू? मेंदू सुजला की समजही जाते. मग ती परवानगी तुझी की आजाराची?”

यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. “मग इथेच ठरवू. नुसतं डोकं दुखलं, मळमळलं, तर मी आपल्या भारवाहकासोबत त्याच गावात थांबेन. तू वाटाड्याबरोबर पुढे जा. पण टाचेला चवडा भिडवत सरळ रेषेत चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर माझं एक अक्षर ऐकू नकोस. मध्यरात्र असली तरी खाली.”

“आणि तुला नीट चालता येतंय, तू बरी आहे म्हणतेस, पण मला तुझा चेहराच ठीक वाटत नाहीये, असं झालं तर?”

“तर?”

“तर मी थांबणार.”

“थांब. पण घरी आल्यावर माझ्यासमोर काला पत्थरचं नाव काढायचं नाही.”