उपकरण कोणाच्या जिवावर चालते?

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत रंधा, करवत आणि शिलाई मशीन यांच्या शेजारी आता लॅपटॉप, कॅमेरा आणि क्वचित ड्रोनही हळद-कुंकू लावून घेतो. पूजा एकच असली, तरी या वस्तूंची जात वेगळी आहे. रंध्याचे पाते बोथट झाले तर धार लावणारा सापडतो. नाही सापडला तर ते काम स्वतः शिकता येते. ड्रोनला बॅटरी लागते आणि ती त्याच मॉडेलची लागते; फोनमधले ॲप लागते आणि ते फोनच्या नव्या प्रणालीवर चालत राहावे लागते; बऱ्याच ड्रोनना तर पहिल्या उड्डाणाआधीच कंपनीकडे नोंदणी लागते. उपकरण घेताना आपण ते काय काय करते हे पाहतो, किमतीत घासाघीस करतो, वॉरंटी विचारतो. ते कोणाच्या जिवावर चालते, हे मात्र विचारत नाही. वस्तू किती काळ खऱ्या अर्थाने आपली राहणार, हे मुख्यतः याच प्रश्नावर ठरते. छंदाच्या बाबतीत त्याचे मोल आणखी मोठे आहे, कारण छंद मुरायला दहा-वीस वर्षे लागतात आणि आजची बरीच उपकरणे तेवढी जगत नाहीत.

छायाचित्रणाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. निकॉनने 1959 मध्ये आणलेली लेन्स जोडण्याची ‘एफ माउंट’ पद्धत पुढे कित्येक दशके टिकवली. कॅननने मात्र 1987 मध्ये आपली ‘एफडी’ पद्धत सोडून पूर्ण इलेक्ट्रॉनिक ‘ईएफ’ पद्धत स्वीकारली. एफडी लेन्स फिल्मपासून 42 मिलिमीटरवर बसण्यासाठी घडवलेली होती आणि नव्या कॅमेऱ्यांत हे अंतर 44 मिलिमीटर झाले. केवळ दोन मिलिमीटरच्या फरकाने साधे कडे लावून दूरच्या डोंगरावर फोकस होईना आणि चांगल्या लेन्स कपाटात गेल्या. पुढे आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. त्यांत हे अंतर वीस मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे धातूच्या एका साध्या कड्याने त्याच एफडी लेन्स पुन्हा कामाला लागल्या. हे शक्य झाले, कारण त्यांचे छिद्र लहानमोठे करणारी कडी हाताने फिरते आणि फोकस आट्यांवर सरकतो. कॅमेऱ्याच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. ईएफ लेन्सचे छिद्र विजेच्या संकेताशिवाय बदलत नाही, म्हणून तिला संकेत पोचवणारे खास इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर लागते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेली लेन्स तरली, कारण ती मुळातच कंपनीवर फारशी अवलंबून नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हा जुन्याचा लोभ आहे. जुना कॅमेरा तरी कुठे स्वयंपूर्ण होता? त्यालाही रोल लागायचाच. हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण रोलचाच इतिहास त्याला उत्तर देतो. कोडॅकने 2009 मध्ये कोडॅक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म बंद केली. ती धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की शेवटी जगात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली एकच प्रयोगशाळा ते काम करत होती. 2010 च्या अखेरीस तिनेही ते थांबवले आणि न धुतलेले रोल रंगीत चित्रांसाठी निकामी झाले. कृष्णधवल फिल्म मात्र आजही अनेक जण बनवतात आणि ती घरच्या अंधाऱ्या न्हाणीघरात धुता येते. म्हणजे अवलंबून असणे हा दोष नव्हे. तसे कोणीच सुटत नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मापावर अवलंबून असणे वेगळे आणि एकाच दारावर ताटकळणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कारागिरीबद्दल दुमत नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत राहून गाणे शिकणाऱ्या मुलीला तो परवडत नाही आणि ठेवायला जागाही नसते. फोनमधल्या तानपुऱ्याने तिचा रियाज सुरू झाला. परावलंबी उपकरणांनी छंदाची दारे कितीतरी जणांना उघडली, हे मान्यच करायला हवे. तरीही फोनवर सूर निवडला की झाले. लाकडी तानपुरा रोज लावावा लागतो, घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवत जवारी खुलवावी लागते आणि त्या खटपटीत कान तयार होतो. उपकरणाला हात लावायला जागा असली की छंद खोल जातो. जे उपकरण उघडता येत नाही आणि दोन-चार वर्षांत बदलावेच लागते, ते हौशी माणसाला कायम नवशिक्या ठेवते. प्रत्येक वेळी नवी बटणे, नवे मेनू. सराव उपकरणाचा होतो, कलेचा राहून जातो.

हे सारे तंत्रज्ञानाच्या ओघात अटळ आहे, असेही सांगितले जाते: पाण्यापासून बचाव करायचा तर बॅटरी आत चिकटवावीच लागते. पण गोप्रो कंपनीचे अनेक कॅमेरे पाण्यात दहा मीटरपर्यंत चालतात आणि त्यांची बॅटरी नखाने झाकण उघडून बदलता येते. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी लागेल. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले, पण ग्राहकाच्या हाती बळ देणारा कायदा अजून व्हायचा आहे. तो नसेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा कुशल कारागीरही हतबल होतो: सुटा भाग तो बसवेल, पण त्या भागाला ओळख द्यायची की नाही, हे सॉफ्टवेअर ठरवते.

पेबल या स्मार्ट घड्याळाची कथा म्हणूनच उद्बोधक आहे. 2016 मध्ये कंपनी बंद पडली, 2018 मध्ये तिचे सर्व्हर थांबले. हौशी प्रोग्रामरांनी पर्यायी सेवा उभारून ती घड्याळे चालू ठेवली आणि 2025 च्या जानेवारीत, पेबलचे हक्क अखेर जिच्याकडे आले होते त्या गुगलने त्यांची मूळ प्रणाली सर्वांसाठी खुली केली. उपकरण मरू द्यायचे की नाही हा निर्णय माणसांचा असतो, एवढे यातून उघड दिसते. म्हणून सेवा बंद करणाऱ्या कंपनीने किल्ल्या ग्राहकांच्या हवाली कराव्यात, ही मागणी कायद्यात यायला हवी. तोवर विवेक आपल्यालाच करावा लागेल. चार दिवसांच्या कामाला परावलंबी वस्तू खुशाल घ्यावी. ज्या छंदात आयुष्याची वर्षे घालायची आहेत, तिथे मात्र कमी करामती करणारे, पण उघडता, लावता आणि दुसऱ्याच्या हाती देता येईल असे उपकरणच शेवटी स्वस्त पडते.