हवेची वाटणी

भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की बांधावरून डोकी फुटतात. पण जिच्यात बांधच घालता येत नाही अशी वस्तू वाटायची झाली, तर? म्हणजे हवा. श्वासाची हवा प्रभादेवीत अजून फुकट मिळते (शुद्ध मिळते असं कुठं म्हटलं मी?). मी म्हणतोय ती वायफायची हवा.

ही हवा मुळात कोणाची, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता! खटला होता क्रिकेटचे सामने टीव्हीवर दाखवण्याचा. आपल्याकडे तत्त्वज्ञानालासुद्धा क्रिकेटच्या तिकिटावरच आत सोडतात. पुढे २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला खुला केला. सार्वजनिक आणि विनापरवाना! चाळकऱ्याला या दोन शब्दांचा संयुक्त अर्थ सांगावा लागत नाही. आमचा जिनाही सार्वजनिकच आहे, आणि त्याच्या वळणावर एक मोडकं शिलाई मशीन गेली कित्येक वर्षं विनापरवाना उभं आहे.

या पट्ट्यात चॅनेल तेरा. ऐकायला ऐसपैस वाटतं; पण एकेक चॅनेल असा काही मांडी पसरून बसतो की एकमेकांना धक्का न लावता मावतात तिघंच: १, ६ आणि ११. लोकलच्या बाकासारखं. आता एकाच चॅनेलवर दोन राउटर आले, तर ते एकमेकांचं ऐकतात. एक बोलत असला की दुसरा थांबतो. (हा सद्गुण आमच्या वार्षिक सभेत एकाही सभासदाकडे नाही.) पण एखादा शहाणा म्हणतो, १ वरही गर्दी, ६ वरही गर्दी, आपण ३ वर बसू. हा चौथ्या सीटवाला! त्याचे शब्द कोणालाच कळत नाहीत, गोंगाट मात्र दोन्हीकडे पोचतो. दोघांना नडतो तो नडतोच, वर स्वतःही सुखाने बसत नाही.

ही झाली शेजाऱ्यांशी वाटणी. घरातली याहून अवघड. आमच्या मजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांनी मिळून एक कनेक्शन घेतलं, वर्गणी समान. राउटर जिन्यालगतच्या पहिल्या खोलीत, कारण तिथे प्लग मोकळा होता. (मोठमोठे सामाजिक निर्णय असेच प्लग पाहून होतात.) शेवटच्या खोलीत काकू. मधे जुन्या बांधणीच्या, हातभर जाडीच्या भिंती. काकूंचा मुलगा जहाजावर. रात्री नऊला त्याचा फोन. त्यात तो दिसला पाहिजे, नुसता ऐकू येऊन चालत नाही; कारण तो ‘मी बरा आहे’ म्हणतो तेव्हा खरोखरच बरा आहे की नाही, हे काकू त्याचं तोंड बघून ठरवतात. आणि पहिल्या खोलीतला चिरंजीव नेमका त्याच वेळी अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम करत असतो. त्याचं म्हणणं, काकूंचा फोन सुरू झाला की माझं काम रांगायला लागतं.

पोरगा खोटं बोलत नव्हता. २००३ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी हेच दाखवून दिलं. वायफाय सगळ्यांना समान पाळी देतं. समजा, एकाचा वेग ११ आणि दुसरा लांब बसल्यामुळे त्याचा १. पाळीला पुडकं सारखंच. पण दुसऱ्याचं पुडकं पोचायला अकरापट वेळ लागतो. परिणाम असा की दोघांनाही एकाहून थोडं कमीच मिळतं, मिळून दोनाच्या आत. आमच्या बँकेतलं टोकन! टोकन सर्वांना एकेकच. पण एकाला नुसतं पासबुक भरून हवं असतं, आणि त्याच्या पुढच्याने एका ट्रस्टच्या दानपेटीतली चिल्लर आणलेली असते.

दुसरा मार्ग म्हणजे पाळीऐवजी वेळ समान. सिद्धिविनायकाच्या गाभाऱ्यासमोर मंगळवारी हाच न्याय चालतो. ‘चला, पुढे चला’ म्हणणारा सेवक कोणाचं दर्शन किती झालं हे विचारत बसत नाही. तेवढ्यात कोणी नवस बोलून मोकळा होतो, कोणाला अजून चष्माच सापडलेला नसतो. या न्यायाने पहिल्याला साडेपाच, दुसऱ्याला अर्धा, बेरीज सहा. आणि तिसरा मार्ग, सगळी हवा पहिल्यालाच. बेरीज अकरा!

मी बी.कॉम. माणूस, बेरीज मोठी दिसली की हात आपोआप खाली दोन रेघा मारतो. आमचे साहेबही दिवसाअखेर किती गिऱ्हाइकं झाली एवढंच विचारतात. त्या हिशेबाने चिल्लरवाल्याला दारातच अडवणं ही कार्यक्षमता ठरते. चिरंजीवाने हाच तक्ता काढून दाखवला, तेव्हा मजल्यावर क्षणभर कोणाला उत्तर सुचेना. मला मात्र त्यात एक शून्य दिसत होतं. अकरा अधिक शून्य, अकरा. बेरजेला शून्य खुपतच नाही.

केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकात वाटणीचा जो नियम मांडला, त्याचा कारकुनी अर्थ मला असा लागला: बेरीज सोडा, गुणाकार करा. अकरा गुणिले शून्य, शून्य. समान पाळीचा गुणाकार एकाच्याही आत. साडेपाच गुणिले अर्धा, पावणेतीन. तोच सगळ्यांत मोठा. मोबाईलचे टॉवरही याच जातीचा हिशेब करतात. आत्ता कोणाला किती वेग देता येईल हे बघतात, आणि त्याला आजवर किती मिळालं हेही बघतात.

हे मी मजल्याच्या सभेत मोठ्या थाटात मांडलं. चिरंजीव म्हणाला, “पण काका, अर्ध्यात काकूंचा मुलगा दिसणार का?”

प्रश्न बिनतोड होता. कोणतंही सूत्र लावा, भिंत काही पातळ होत नाही.

शेवटी राउटर मधल्या खोलीत गेला. तिथल्या अण्णांनी देव्हाऱ्यातल्या विजेच्या समईचा प्लग सोडला. देवाला पुन्हा तेलाची समई आली. चिरंजीवाचा वेग थोडा उतरला आहे आणि ते तो रोज बोलून दाखवतो. दाखवू दे, त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे. काकूंचा मुलगा आता नऊ वाजता दिसतो. मधेच कधी थिजतो, तोंड अर्धवट उघडं. तेव्हा काकू फोन तसाच समोर धरून म्हणतात, “हल रे जरा.”